डिपुटीचं पथ्य

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत इजाबाईंना घेतलं होतं ते शिवण शिकवायला. पण मुलींना त्या आठवतात त्या अपूर्णांकांसाठी. माझ्या वर्गातल्या मुली पाव, अर्धा, पाऊण यांत अडखळू लागल्या, की मी शेजारच्या खोलीत निरोप धाडायची. इजाबाई सुई पदराला टोचून यायच्या, कापडाची एक लांब पट्टी मुलींसमोर धरायच्या आणि मधोमध कात्री चालवायच्या. "ही आख्खी होती. आता ही किती? अर्धी. ही कोणाला हवी?" जी मुलगी हात पुढे करी तिला ती पट्टी मिळे, आणि अर्धा म्हणजे काय हे ती जन्मात विसरत नसे.

त्यांचं नाव इजाबेल. तळ्यापलीकडे किरिस्तांवांची वस्ती आहे, तिथे चर्चच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. पोर्तुगिजांच्या अमलात त्यांचे पूर्वज किरिस्तांव झाले. शेती आणि मासेमारी मात्र सुटली नाही. भाऊ बाळकुमला भात लावायचा. नवरा जुआंव सुतार होता, तो वारला तेव्हा इजाबाई चाळिशीच्या आत होत्या. मी शाळेत आले तेव्हा त्यांच्या वैधव्याला सहा वर्षं झाली होती आणि मी वीस वर्षांची होते. मुलींनी शिकावं असं म्हणणाऱ्या थोड्या लोकांपैकी माझे यजमान एक. त्यांच्यामुळे मला शाळेत पाऊल टाकता आलं; सासूबाईंच्या कपाळावरची आठी मात्र मी रोज उंबऱ्यापाशी ओलांडून जायची.

इजाबाई उंच आणि हाडापेराने मोठ्या. गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं लाल लुगडं, हातात पुरुषी छत्री, आणि चालणं इतकं भरभर की बरोबर चालायचं तर मला धावावं लागे. शाळेत त्या अगदी पुस्तकी, शुद्ध बोलत. घराच्या पायरीवर पाय पडला की त्यांच्या तोंडी त्यांची बोली यायची. "ये गो बाय, बस. उबी काय रयली?" मला मोठी गंमत वाटायची, जणू शाळेतल्या इजाबाई छत्रीबरोबर खुंटीला टांगलेल्या असत.

शिवणाच्या वर्गात त्यांचा एकच शब्द चाले: उसव. टाका वाकडा पडला, मुलीनं वरून दुसरा टाका घालून तो झाकला, की बोट तिथेच पडायचं. "उसव." मुलगी रडायची. "रड, पण रडता रडता उसव." एकदा मामलेदारांच्या मुलीची अख्खी बाही त्यांनी तीन वेळा उसवायला लावली. मुलीची आई तक्रार घेऊन आली. तिला त्यांनी ती बाही दाखवली आणि विचारलं, "ही तुम्ही घालाल?" बाई बाही मुलीच्या हातात देऊन परत गेल्या.

दुसरा नाद मोजण्याचा. घरापासून शाळेपर्यंत किती पावलं, विहिरीतून घागर वर यायला किती हात दोर लागतो, सगळं त्यांना पाठ. "अंदाजपंचे बोलू नको," त्या म्हणत. "मोजलंस का?" मी म्हटलं आज वर्गात मुली कमी होत्या, तरी त्या विचारायच्या, मोजल्यास का?

आणि मग डिपुटी. डिपुटी हा त्यांचा बोका. तांबूस रंगाचा, रुंद तोंडाचा, एका कानाला खाच पडलेला. शाळा तपासायला वर्षातून एकदा डिपुटी साहेब येत, ते खुर्चीवर बसून सगळ्यांकडे संशयानं बघत आणि खाऊनपिऊन जात. बोका तेच करायचा, म्हणून त्याला ते नाव. तो इजाबाईंच्या मागोमाग शाळेपर्यंत येई आणि दिवसभर शिवणाच्या टोपलीत झोपे.

एका वर्षी खरे डिपुटी साहेब ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मुली कविता म्हणत होत्या. तेवढ्यात एक पोर मागच्या खोलीतून ओरडत आली, "इजाबाई, इजाबाई, डिपुटीनं आजपण टोपलीत मुतून ठेवलंय!" कविता थांबली. साहेबांचा चेहरा पागोट्याइतका लाल झाला. इजाबाई जागच्या हलल्या नाहीत. "साहेब, तो निराळा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दोन आहेत." साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या वर्षी शाळेचा शेरा फार चांगला आला.

पण "आजपण" हा शब्द इजाबाईंच्या कानात अडकला. साहेब गेल्यावर त्यांनी टोपलीतलं कापड उचललं, उन्हात वाळत टाकलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. घटकाभरानं मला हाक मारली. कापडाच्या डागाभोवती मुंग्यांची रांग लागली होती.

"बघ," त्या म्हणाल्या. शाळेत होत्या तरी त्यांची बोली सुटली होती. "याला गोड मुताचा आजार हाय गो. जुआंवला झाला तोच."

माणसांना मधुमेह होतो हे मला ठाऊक होतं. मांजराला होत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. इजाबाई बोलत गेल्या. जुआंव लोटेच्या लोटे पाणी प्यायचा. परसात तो जिथे बसे तिथे मुंग्या यायच्या. इस्पितळातल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं: भात नको, साखर नको, ताडी नको, मासे, मटण, अंडी आणि कडू भाज्या खा. महिनाभर त्यांनी पथ्य पाळायला लावलं आणि तो सुधारलाही. मग तो भातासाठी रडू लागला. "एवडा मोटा पुरुस, पोरासारखा रडायचा. माना बगवलं नाय. मी घातला भात. रोज थोडा थोडा घातला." पावलाला जखम झाली, ती चिघळली, आणि तो गेला. "मी मारला त्याला, यमू. कोनी बोलत नाय, पन माना म्हायती हाय."

मी कापडावरच्या मुंग्या झटकल्या.

दुसऱ्या दिवसापासून डिपुटीचं पथ्य सुरू झालं. दूधभात, भाकरीचा कुस्करा, कालवणातला भात सगळं बंद. सकाळ-संध्याकाळ बिनमिठाचे उकडलेले मासे, काटे काढून. कधी कोलंबी, कधी कोंबडीचं काळीज. तो ताटाभोवती फिरून भातासाठी ओरडायचा. शेजारपाजारचे हसायचे, मांजराला कसलं पथ्य, म्हणायचे, आणि कुंपणावरून मुद्दाम त्याला भाताचा घास टाकायचे. इजाबाईंनी त्याचं घराबाहेर जाणंच बंद केलं. पाणी एका करवंटीत ठेवायच्या. सकाळी पळीने मोजून ओतायच्या, संध्याकाळी उरलेलं पळीनेच मोजायच्या. त्याची एक वही केली, आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर सुरेख, असं त्या म्हणत. शाळेतून परतताना मी रोज त्यांच्याकडे थांबायची.

पहिल्या दिवशी बोका बेचाळीस पळ्या पाणी प्यायला होता. तेव्हा त्याची चालही बदलली होती. मागचे पाय तो टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा, सशासारखा. उडी मारायला जाई आणि मध्येच पडे. दोन महिन्यांनी वहीत आकडा आला, चौदा. मुंग्या यायच्या थांबल्या. आणि एका दुपारी डिपुटी खिडकीत उडी मारून बसला. इजाबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात खरखरीत होता, सुयांनी टोचलेला. "उडाला गो," एवढंच म्हणाल्या.

मग वसईहून निरोप आला. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात फार आजारी होती. निदान तीन आठवडे तरी जावं लागणार होतं.

"डिपुटीला कोनाकडं ठेवू?" त्या म्हणाल्या. "हे सगले त्याला भात घालतील."

"मी बघीन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मासली उकडावी लागंल. काटे काडावे लागतील. तुमच्यात..."

"मी हे सोवळंओवळं मानत नाही," मी म्हटलं.

खरंच मी तसं समजत होते. घरी येणाऱ्या मासिकांतले सुधारणेवरचे निबंध मी वाचायची, यजमानांशी वाद घालायची, माणसांनी माणसांत भेद करू नये असं मुलींना सांगायची. इजाबाईंच्या घरचं पाणी मी पीत नव्हते, पण मी ते मनातून मानत नाही याचा मला अभिमान होता. आता संधी आली होती. इजाबाईंनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. भानू कोळीण रोज सकाळी ओट्यावर झाकून मासे ठेवून जाईल, अशी व्यवस्था करून त्या खाडीतून वसईला जाणाऱ्या मचव्यात बसल्या.

पहिल्या सकाळी मी त्यांच्या घरी नाकाला पदर बांधला आणि काठीनं मासा भांड्यात ढकलला. उकडताना वास आला आणि मी मागच्या दारी जाऊन ओकले. काटे काढायला मात्र बोटंच लागतात. मी काढले. चार दिवस काढले. रोज संध्याकाळी घरी येऊन विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायची. चौथ्या दिवशी सासूबाई विहिरीपाशी आल्या.

"तळ्यापलीकडच्या एकीनं आज देवळाच्या वाटेवर मला विचारलं," त्या म्हणाल्या, "तुमची सून मासे रांधते म्हणे?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मी खोटं म्हणून सांगितलं. ते खोटं असू दे, यमुने. नाहीतर उद्यापासून शाळा नाही."

शाळा नाही, या दोन शब्दांनी माझे सगळे निबंध संपले. यजमानांशी बोलता आलं असतं. मी बोलले नाही. बाळकुमला इजाबाईंच्या भावाला निरोप धाडता आला असता. तोही धाडला नाही, कारण मग मला जमलं नाही हे कबूल करावं लागलं असतं. पाचव्या दिवशी मी घरून तांब्यात दूधभात नेला. भानूनं ठेवलेले मासे फडक्यासकट उचलून भिंतीपलीकडे टाकले.

डिपुटीनं दूधभात पाहिला आणि तो अक्षरशः थरथरला. ताटलीत तोंड घालून घुरघुरत खात राहिला, आणि संपल्यावर माझ्या पायाला अंग घासून परत परत फिरला. मला वाटलं, बिचाऱ्याचे उगाच हाल चालले होते. मी त्याला आणखी वाढलं. हे मला आज सर्वांत जास्त बोचतं. भीतीपोटी मी भात नेला हे खरं. पण त्याला तो खाताना पाहून मला आनंद झाला होता.

आठवड्यात करवंटी कोरडी पडू लागली. मी मोजणं सोडून दिलं, आणि वहीत मागच्यासारखेच आकडे लिहीत गेले: तेरा, चौदा, पंधरा, चौदा. एखादा वेगळा घालायची, खरं वाटावं म्हणून. त्याच्या मुतायला ठेवलेल्या राखेच्या घमेल्याभोवती मुंग्या आल्या. त्याचे मागचे पाय पुन्हा टाचेवर आले. मग तो खाईनासा झाला. तेव्हा घाबरून मी पुन्हा मासे उकडले, कोणी बघितलं तर बघो म्हणून उकडले. पण त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या सकाळी गेले तेव्हा तो करवंटीला टेकून पडलेला होता, अंग ताठ झालेलं.

दोन दिवसांनी इजाबाई आल्या. बहीण वाचली होती, पण त्यांचे डोळे जागरणानं आत गेले होते. परसातल्या मातीच्या ढिगाकडे बघत त्यांनी विचारलं, "पथ्य मोडलं का? शेजाऱ्यांनी काय घातलं?"

"नाही," मी म्हटलं. "मासेच दिले. रोज."

त्यांनी वही मागितली. ओळीवर बोट ठेवून त्या एकेक आकडा वाचत गेल्या. तेरा. चौदा. पंधरा. चौदा. वही मिटून त्या पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या. मला वाटलं बोक्यासाठी रडताहेत.

"म्हंजे पथ्य पालून पन मरतंच," त्या म्हणाल्या. "यमू, म्हंजे मी भात नसता घातला, तरी तो गेलाच असता."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण त्या माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघत होत्या, जसा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. वर्षानुवर्षांचं काहीतरी त्यावरून उतरून गेलं होतं. आता खरं बोलले तर यांच्या डोक्यावर ते परत चढेल, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण खोटं नव्हतं. माझी अब्रूही त्यातच झाकली जात होती, एवढं मात्र मी स्वतःला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत इजाबाई बदलल्या. त्या गाऊ लागल्या. लग्नाच्या जेवणावळींना जाऊ लागल्या. आधी जुआंवच्या मागे त्या कुठे जात नसत. माझ्या घरी केळीचे घड, शेवग्याच्या शेंगा, उसाच्या कांड्या धाडायच्या. सासूबाई ते धुऊन घरात घ्यायच्या. शाळेत नव्या आलेल्या बाईंना त्या सांगायच्या, "ही यमुनाबाई. ब्राह्मणाची मुलगी, पण माझ्या मांजरासाठी हिनं स्वतःच्या हातांनी मासे उकडले." मी मान खाली घालायची आणि त्या बाई म्हणायच्या, किती विनय!

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या चंबूकडे माझं लक्ष गेलं. शाळेत त्या स्वतःचं पाणी तांब्याच्या चंबूत आणायच्या. तो दिवसातून एकदा भरला जाई. आता शिपाई तो तीनदा भरून आणायचा. मग पाच वेळा. इजाबाईंचं लुगडं कमरेवर सैल दिसू लागलं. मुलींचे टाके बघताना त्या कापड डोळ्यांपासून लांब धरू लागल्या.

मी मोजत होते. मोजून गप्प राहत होते. असे सहा आठवडे गेले. एका रविवारी दुपारी मी तळ्याला वळसा घालून त्यांच्या घरी गेले.

त्या जेवायला बसल्या होत्या. ताटात भाताचा ढीग, त्यावर लाल कालवण. "ये गो," त्या म्हणाल्या, "आज वाट कशी चुकलीस?"

"इजाबाई, तुम्ही भात सोडा," मी म्हटलं. "तुम्हाला जुआंवचाच आजार आहे."

"म्हायती हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "बगितल्या मी मुंग्या. पन पथ्यानं काय व्हतं? आपल्या डिपुटीचं काय झालं?"

मग मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, सासूबाईंपासून भिंतीपलीकडे टाकलेल्या माशांपर्यंत. त्यांचा हात भातातच थांबला होता.

"कितव्या दिवसापासून?"

"पाचव्या."

त्यांनी उठून हात धुतला. पेटीतून वही काढली, पान शोधलं आणि पेन्सिलीसकट माझ्यासमोर धरली. "खरे आकडे लिव."

"मला ठाऊक नाहीत."

"इसरलीस?"

"नाही. मी मोजलंच नाही."

त्यांनी वही परत घेतली. बराच वेळ त्या तिच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले, "म्हंजे जुआंव..." आणि तिथेच त्या थांबल्या. मी पुढे झाले तर त्यांनी तळहात वर केला. पुढचं वाक्य त्या त्यांच्या घरात, स्वच्छ शाळेतल्या भाषेत बोलल्या.

"तुम्ही आता घरी जा, यमुनाबाई."

मी पायऱ्या उतरले. मागून ताट खरवडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर त्या परसात उभ्या राहून सगळा भात कोंबड्यांना टाकत होत्या.

त्यांनी माझ्याविषयी कोणाला काही सांगितलं नाही. शाळेत त्या कामापुरतं बोलत. अपूर्णांक शिकवायला निरोप धाडला तर येत, पट्टी कापत, शिकवून जात. शिपाई एकदा म्हणाला, बाई हल्ली डब्यात नुसते उकडलेले मासे आणि कारलं आणतात, तोंडसुद्धा वाकडं न करता खातात. चंबू आता दोनदाच भरला जाऊ लागला. चर्चमध्ये मात्र त्या रोज जायला लागल्या होत्या, पहाटे, असं त्यानंच सांगितलं. कशासाठी ते मला कळत होतं. सहा महिन्यांनी यजमानांची बदली कल्याणच्या कोर्टात झाली आणि आम्ही ठाणं सोडलं. निरोपाच्या दिवशी इजाबाई रजेवर होत्या.

आपण बरोबर केलं की चूक, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मी बोलले म्हणून त्या वाचल्या असतील. मी आधी खोटं बोलले नसते, तर वाचवायची वेळच कदाचित आली नसती. आणि जुआंवचं ओझं मीच उतरवलं, मीच पुन्हा चढवलं.

चार वर्षांनी माझ्या भाचीला त्या शाळेत घालायचं होतं म्हणून मी कल्याणहून ठाण्याला गेले. दुपारची वेळ. हेडबाई जेवायला गेल्या होत्या, म्हणून मी ओसरीवर थांबले. आतून इजाबाईंचा आवाज आला. दारातून पाहिलं. त्या खूप वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर चष्मा होता. पण ताठ उभ्या होत्या. मुलींच्या हातात शिवण होतं. त्यांनी मला पाहिलं. शिकवणं थांबलं नाही. फक्त पुढच्या मुलीला म्हणाल्या, "बाहेर त्या बाई उभ्या आहेत, त्यांना चटई दे."

मुलीनं चटई आणून अंथरली. मी बसले. घंटा झाल्यावर त्या बाहेर येतील, तेव्हा काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. घंटा झाली, मुली माझ्या बाजूनं बाहेर धावल्या. इजाबाई मागच्या दारानं उतरल्या. त्यांनी छत्री उघडली, क्षणभर उन्हाकडे पाहिलं आणि तळ्याच्या दिशेनं निघाल्या, पूर्वीसारख्याच भरभर. मी उठून उभी राहिले. मैदान ओलांडून, वडाला वळसा घालून त्या दिसेनाशा होईपर्यंत एकदाही वळल्या नाहीत.